बीटल्सना म्हातारं होऊ न देणारा माणूस

शनिवार, २२ मे १९६५ची संध्याकाळ. ब्रिटनमधली पोरंसोरं टीव्हीसमोर ठाण मांडून बसली आहेत, कारण बीबीसीवर 'डॉक्टर हू' लागायची वेळ झालीय. ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉक्टर नावाचा एक परग्रहावरचा प्रवासी एका यानातून काळात मागेपुढे फिरत असतो. यान दिसतं लंडनच्या रस्त्यावरच्या निळ्या पोलीस बॉक्ससारखं, म्हणजे बाहेरून कपाटाएवढं आणि आतून राजवाड्याएवढं. सोबतीला दोन-तीन माणसं असतात आणि मागे हात धुऊन लागलेले डालेक असतात. डालेक म्हणजे धातूच्या कवचातले दुष्ट जीव, ज्यांना घाबरून त्या काळची मुलं सोफ्यामागे लपायची.

त्या संध्याकाळी 'द चेस' या नव्या कथेचा पहिला भाग होता. डॉक्टरच्या हाती एक भन्नाट यंत्र लागलेलं असतं. कुठलाही काळ आणि कुठलीही जागा निवडा, तिथे घडलेलं सगळं यंत्राच्या पडद्यावर दिसणार. इयन नावाचा शास्त्राचा मास्तर अब्राहम लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण बघतो. इतिहासाची मास्तरीण बार्बरा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारात शेक्सपिअरला बघते. मग पाळी येते व्हिकीची. ही मुलगी २५व्या शतकातली. ती निवडते १९६५ सालचा बीबीसीचा कार्यक्रम आणि पडद्यावर येतात चार पोरं, गिटार आणि ड्रम्ससकट. बीटल्स! गाणं असतं 'तिकीट टू राइड'. इयनला गाणं पाठ, तो ताल धरून नाचायलाच लागतो.

व्हिकी मात्र चक्रावते. बीटल्सचं नाव तिला चांगलं माहीत असतं. लिव्हरपूलमधलं त्यांचं स्मृती थिएटर तिने स्वतः पाहिलेलं असतं. पण हे लोक शास्त्रीय संगीत वाजवायचे हे तिला ठाऊक नसतं! इयन आणि बार्बराचे चेहरे बघण्यासारखे होतात. जे गाणं त्या महिन्यात रेडिओवर वाजत होतं, ज्यावरून घराघरात आईबाप कटकट करत होते, ते पाचशे वर्षांनी 'क्लासिकल' ठरलंय.

विनोद छान आहे. पण मूळ बेत याहून भारी होता. बीटल्सनी स्वतः या भागात यायचं, तेही मेकअप करून. केस पिकलेले, चेहऱ्यावर सुरकुत्या, आणि भविष्यातल्या एका कार्यक्रमात गाणारे चार म्हातारे. मालिकेच्या इतिहासात ही हकीकत नेहमी सांगितली जाते. असंही सांगतात, की पोरं तयार होती. नकार दिला तो त्यांच्या मॅनेजरने. म्हातारे बीटल्स पडद्यावर दिसता कामा नयेत. मग 'टॉप ऑफ द पॉप्स' या बीबीसीच्याच कार्यक्रमातली त्यांची जेमतेम पंचवीस-तीस सेकंदांची क्लिप वापरली गेली.

त्या मॅनेजरचं नाव ब्रायन एपस्टाइन. आडनाव वाचून हल्लीच्या बातम्यांमधला भलताच कोणी आठवला असेल तर थांबा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. हा एपस्टाइन लिव्हरपूलच्या एका दुकानदाराचा मुलगा. या नकारानंतर सव्वादोन वर्षांनी तो गेला, वयाच्या ३२व्या वर्षी. त्याला स्वतःलाही म्हातारं व्हायला मिळालं नाही.

ब्रायनचा जन्म १९ सप्टेंबर १९३४चा. ज्यू कुटुंब. आजोबा लिथुआनियातून इंग्लंडला आले आणि त्यांनी लिव्हरपूलमध्ये फर्निचरचं दुकान थाटलं. पुढे शेजारचं दुकानही घेतलं. त्याचं नाव नॉर्थ एंड म्युझिक स्टोअर्स, म्हणजेच 'नेम्स'. तिथे पियानो आणि रेडिओ मिळायचे. पॉल मॅकार्टनीच्या वडिलांनी घरातला पियानो याच दुकानातून घेतला होता. तेव्हा कुणालाही कल्पना नव्हती, पण दोन्ही घरांत व्यवहार असा आधीच झालेला होता.

वडील हॅरी, आई मल्का. हिब्रूत मल्का म्हणजे राणी, म्हणून सगळे तिला क्वीनी म्हणायचे. आई नाटक-संगीताची शौकीन, आणि ब्रायन आईचा लाडका. शाळेत मात्र त्याचं कुठेच जमलं नाही. एका शाळेने तर दहाव्या वर्षीच काढून टाकलं. शाळांवर शाळा बदलत तो रेकिन कॉलेजात पोहोचला आणि तिथून त्याने वडिलांना पत्र लिहून कळवलं, की मला ड्रेस डिझायनर व्हायचंय. पन्नासच्या दशकात उत्तर इंग्लंडमधल्या फर्निचरवाल्याच्या थोरल्या मुलाने हे लिहावं! वडिलांनी साफ नाही म्हटलं. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ब्रायन दुकानात उभा राहिला, टेबल-खुर्च्या विकायला.

मग सक्तीची लष्करी नोकरी. तिथूनही मुदत संपण्याआधीच वैद्यकीय कारणावरून त्याला घरी पाठवलं. मग लंडनच्या 'राडा' या नामांकित नाट्यशाळेत प्रवेश. पीटर ओटूल, अल्बर्ट फिनी हे त्याच सुमाराचे विद्यार्थी. तीन सत्रं काढून ब्रायन तेही सोडून आला. आपल्या घरी असं झालं असतं तर नातेवाईकांनी लग्नाकार्यात काय काय ऐकवलं असतं, याची कल्पना तुम्हीच करा. वय २२, आणि हाती काहीच धड लागलेलं नाही.

पण एक गोष्ट त्याला जमली. वडिलांनी त्याला 'नेम्स'चा रेकॉर्ड विभाग सांभाळायला दिला. ब्रायनने नियम केला, की गिऱ्हाईक जी रेकॉर्ड मागेल ती आपण आणून द्यायची. एकच माणूस मागत असला तरी. कुठली रेकॉर्ड संपत आलीय हे एका नजरेत कळावं म्हणून त्याने फोल्डरना दोऱ्या बांधायची पद्धत बसवली. दुकानाची खिडकी तो नाटकाचा सेट लावावा तशी सजवायचा. ड्रेस डिझायनर आणि नट व्हायचं राहिलं होतं, ते सगळं या खिडकीत उतरलं. बघता बघता हा विभाग उत्तर इंग्लंडमधल्या मोठ्या रेकॉर्ड दुकानांमध्ये गणला जायला लागला.

इथे ती प्रसिद्ध गोष्ट येते. ऑक्टोबर १९६१मध्ये एक तरुण गिऱ्हाईक दुकानात आला आणि त्याने 'माय बॉनी' नावाची रेकॉर्ड मागितली. वाजवणारे कोण, तर बीटल्स. नियमाप्रमाणे ब्रायन शोधायला लागला आणि हे पोरगे आपल्याच गावचे, दुकानापासून चालत काही मिनिटांवर वाजवतात, हे कळून चाट पडला. गोष्ट गोड आहे, पण पत्रकारितेच्या विद्यार्थिनीला ती थोडी खटकते. कारण 'मर्सी बीट' नावाचं स्थानिक संगीताचं पाक्षिक ब्रायनच्याच दुकानात विकलं जायचं. जुलै १९६१च्या अंकात पहिल्याच पानावर बीटल्सची बातमी होती आणि ऑगस्टपासून तर ब्रायन स्वतः त्यात सदर लिहीत होता. आपण ज्या अंकात लिहितो तो अंक माणूस वाचतच नसेल? असो. गिऱ्हाईक आलं असेल, पण नाव कानावर आधीच पडलेलं असणार.

९ नोव्हेंबर १९६१, दुपारची जेवणाची सुट्टी. मॅथ्यू स्ट्रीटवरच्या 'कॅव्हर्न क्लब'च्या पायऱ्या ब्रायन सूटबूट घालून उतरला. गोदामाखालचं तळघर ते. भिंतींवरून पाणी गळतंय, घामाचा वास, ऑफिसातून पळून आलेल्या पोरापोरींची गर्दी. समोर चार जण चामडी जॅकेटं घालून वाजवताहेत, मध्येच खाताहेत, सिगारेट ओढताहेत, प्रेक्षकांना टोमणे मारताहेत, एकमेकांना ढकलताहेत. ड्रम्सवर तेव्हा पीट बेस्ट होता, रिंगो यायचा होता. ब्रायनला पॉप संगीतातलं फारसं कळत नव्हतं, त्याचा जीव सिबेलियसच्या सिंफन्यांत. तरी तो परत परत जात राहिला.

डिसेंबरमध्ये त्याने चौघांना दुकानात बोलावलं. पॉल अंघोळ करत बसला म्हणून उशिरा आला, ब्रायन वैतागला. पण बोलणी झाली. २४ जानेवारी १९६२ला करार झाला आणि गंमत म्हणजे त्यावर चौघांच्या सह्या होत्या, ब्रायनची नव्हती. आपल्याकडून काही जमलं नाही तर पोरं अडकून पडू नयेत, असा त्याचा हिशेब होता. कॉर्पोरेटमधली मंडळी आज हे वाचून हसतील.

यानंतर त्याने जे केलं त्याला मास कॉमच्या भाषेत इमेज बिल्डिंग म्हणतात. पण तेव्हा त्याला ना नाव होतं, ना त्याचा कोर्स. मर्सी नदीपलीकडच्या बर्कनहेडमधल्या शिंप्याकडून चौघांना सूट शिवले. स्टेजवर खाणं बंद, शिव्या बंद, वेळेवर यायचं, कुठली गाणी वाजवणार ते आधी ठरवायचं. गाणं संपलं की चौघांनी एकाच वेळी कमरेत वाकून अभिवादन करायचं. ते वाकणं थेट नाट्यशाळेतून आलेलं. जॉन लेननला हे मनातून कधी पटलं नाही. आपण विकले गेलो असं त्याला नंतर वाटत राहिलं. मला विचाराल तर दोघंही बरोबर होते. जॅकेटवाला बॅण्ड जास्त खरा होता, पण तो तळघरातच राहिला असता.

कारण बाहेर कुणालाच तो नको होता. १ जानेवारी १९६२ला, म्हणजे करारही व्हायच्या आधी, लंडनमध्ये डेक्का कंपनीसमोर त्यांची ऑडिशन झाली होती. आदल्या दिवशी बर्फातून व्हॅन हाकत सगळे लंडनला पोहोचले, पंधरा गाणी वाजवली. डेक्काने नकार दिला आणि लंडनजवळचा दुसरा एक बॅण्ड घेतला. बाकीच्या कंपन्यांनीही दारं लावली. लिव्हरपूलच्या स्टेशनवर पोरं कॉफी पीत वाट बघायची आणि ब्रायन लंडनच्या गाडीतून उतरायचा तो पडलेल्या चेहऱ्याने. तरीही तो प्रत्येकाला सांगत सुटला होता, की हे एल्व्हिसपेक्षा मोठे होणार. ऐकणाऱ्यांना वाटायचं, फर्निचरवाल्याच्या पोराचं डोकं फिरलंय.

ऑडिशनच्या टेपवरून रेकॉर्ड कापून घ्यायला तो ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एचएमव्हीच्या दुकानात गेला. तिथून धाग्याला धागा जुळत तो जॉर्ज मार्टिनपर्यंत पोहोचला. मार्टिन पार्लोफोन कंपनीचा प्रमुख, विनोदी रेकॉर्डसाठी ओळखला जाणारा. ६ जून १९६२ला बीटल्स पहिल्यांदा ॲबी रोड स्टुडिओत गेले. ऑगस्टमध्ये पीट बेस्टला काढायचं ठरलं. ठरवलं बाकीच्यांनी, सांगायला लावलं ब्रायनला. ऑक्टोबरमध्ये 'लव्ह मी डू' आलं आणि चार्टवर १७व्या नंबरपर्यंत चढलं. ब्रायनने स्वतःच दहा हजार रेकॉर्ड विकत घेतल्या अशी अफवा उठली. त्याने ती कायम नाकारली.

त्याच ऑगस्टमध्ये जॉनचं लग्न झालं. सिंथिया गरोदर होती. लग्नाला जेमतेम काही माणसं, बाहेर ड्रिलिंग मशीनचा खडखडाट. ब्रायनने सगळी व्यवस्था केली, नवरा-नवरीला राहायला स्वतःचा फ्लॅट दिला आणि ही बातमी बाहेर फुटू नये याची काळजी घेतली. पोरींचा आवडता बॅण्ड, त्यातला एक विवाहित आहे हे कळलं तर? बीटल्स कसे दिसले पाहिजेत आणि काय दिसता कामा नये, हे ठरवणं हेच त्याचं काम होतं. 'डॉक्टर हू'ला दिलेला नकार मला याच रांगेतला वाटतो. वीस-बावीस वर्षांच्या चेहऱ्यांवर त्याने सगळं उभं केलं होतं. त्या चेहऱ्यांवर सुरकुत्या चिकटवायला तो कसा देईल?

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगते. १९६३ हे वर्ष बीटल्सचं. 'गेरी अँड द पेसमेकर्स', सिला ब्लॅक ही ब्रायनचीच बाकीची मंडळीही चार्टवर. २२ नोव्हेंबर १९६३ला 'विथ द बीटल्स' ही त्यांची दुसरी एलपी आली, त्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 'डॉक्टर हू'चा पहिलावहिला भाग लागला. (तो दिग्दर्शित केला होता लखनौला जन्मलेल्या वारिस हुसेन या २४ वर्षांच्या पोराने. ही माहिती मिळाल्यापासून मी ती भेटेल त्याला सांगतेय.) त्याच महिन्यात ब्रायन न्यूयॉर्कला जाऊन एड सलिव्हनच्या टीव्ही शोचा करार करून आला. पैसे कमी घेतले, पण अट घातली, की जाहिरातीत बीटल्सचं नाव सगळ्यात वर हवं. अमेरिकेत तेव्हा त्यांना फारसं कुणी ओळखतही नव्हतं. ९ फेब्रुवारी १९६४ला तो शो सुमारे सात कोटी तीस लाख लोकांनी पाहिला.

आता त्याच्या चुका. त्याही मोठ्याच होत्या. बीटल्सच्या नावाचे विग, बाहुल्या, डबे, वॉलपेपर यांचा अमेरिकेत पूर आला होता. हे हक्क एका कंपनीला दिले गेले. कंपनीचं नाव बीटल्सची स्पेलिंग उलटी करून ठेवलेलं : सेल्टेब. कमाईतले ९० टक्के कंपनीला आणि १० टक्के बीटल्सना! चूक लक्षात आल्यावर वाटणी बदलली, कोर्टकचेऱ्या झाल्या, पण लाखो डॉलर्स हातचे गेले. 'अ हार्ड डेज नाइट' सिनेमाच्या वेळी निर्माते २५ टक्के द्यायला तयार होते आणि त्यांनी आकडा सांगायच्या आधीच ब्रायनने साडेसात टक्के मागितले, असंही सांगतात. रेकॉर्डच्या दुकानात एकेका तबकडीचा हिशेब ठेवणारा हा माणूस. पण पॉप संगीतात एवढा पैसा याआधी कुणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला? तरीही त्याच्या प्रामाणिकपणावर त्या चौघांनी कधी शंका घेतली नाही.

आणि एक गोष्ट होती, जी तो कुणाला सांगू शकत नव्हता.

ब्रायन समलिंगी होता. त्या काळात इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता, तुरुंगात टाकणारा. तरुणपणी एका माणसाने त्याला मारहाण केली, लुटलं आणि वर धमकावून पैसे मागितले. ब्रायन पोलिसांत गेला, त्या माणसाला शिक्षाही झाली. पण हा प्रसंग आणि ही भीती त्याला पुरली. बीटल्सना माहीत होतं, घरच्यांना माहीत होतं, बाहेर मात्र अवाक्षर नाही. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध चार जणांचा हा मॅनेजर पत्रकारांना हसून मुलाखती द्यायचा आणि त्यातला कुणी एक आपलं आयुष्य उलटंपालटं करू शकतो हे मनात ठेवून वावरायचा. आपल्याकडे इंग्रजांनीच मागे ठेवलेलं कलम ३७७ होतं. २०१८ला सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण शाळेत असाल. ब्रायनसारखं जगणं किती जवळचं आहे हे त्यावरून लक्षात यावं.

१९६५च्या जूनमध्ये, 'द चेस'चे भाग टीव्हीवर चालू असतानाच, बीटल्सना 'एमबीई' हा राजकीय सन्मान जाहीर झाला. ब्रायनचं नाव यादीत नव्हतं. एमबीई म्हणजे मिस्टर ब्रायन एपस्टाइन, असा विनोद तेव्हा झाला म्हणे. विनोद म्हणून ठीक आहे.

पुढच्या वर्षी गाडी घसरायला लागली. जुलै १९६६मध्ये मनिलाला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांच्या मेजवानीला बीटल्स गेले नाहीत आणि सगळा देश खवळला. विमानतळावर धक्काबुक्की झाली, ब्रायनला कार्यक्रमाचे पैसे परत करावे लागले. तिथून निघाले ते थेट दिल्लीत उतरले. इथे आपल्याला कोण ओळखणार, असं त्यांना वाटलं होतं. ओळखलं! त्याच मुक्कामात जॉर्ज हॅरिसनने कॅनॉट प्लेसच्या रिखी राम यांच्या दुकानातून सतार घेतली. ब्रायन मात्र आजारी होता. आता दौरे पुरे, असं पोरांच्या मनाने घेतलं होतं. २९ ऑगस्ट १९६६ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्या दौऱ्यांमधला शेवटचा कार्यक्रम झाला.

दौरेच नाहीत, तर मॅनेजरने करायचं काय? बीटल्स स्टुडिओत बसून 'सार्जंट पेपर' घडवत होते आणि तिथे ब्रायनला काही काम नव्हतं. त्याने लंडनचं सॅव्हिल थिएटर चालवायला घेतलं, तिथे जिमी हेंड्रिक्सचे कार्यक्रम लावले. पण झोपेच्या गोळ्या आणि जागं राहायच्या गोळ्या हे चक्र वाढत गेलं. उपचारही घेतले. बीटल्सबरोबरचा करार १९६७च्या शरद ऋतूत संपणार होता आणि तो पुन्हा होईल की नाही, ही चिंता त्याला पोखरत होती.

१७ जुलै १९६७ला त्याचे वडील गेले. २७ जुलैला ब्रिटनच्या राणीची मोहोर उमटली आणि इंग्लंड-वेल्समध्ये २१ वर्षांवरच्या पुरुषांमधले खासगी समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. बरोबर एक महिन्याने, २७ ऑगस्टच्या रविवारी, ब्रायन लंडनच्या चॅपल स्ट्रीटवरच्या घरात अंथरुणात मृतावस्थेत सापडला. झोपेच्या औषधाची मात्रा शरीरात साठत गेली होती. चौकशीत तो अपघाती मृत्यू ठरला.

बीटल्स त्या वेळी वेल्समधल्या बँगोरला होते, महर्षी महेश योगींच्या शिबिरात. ब्रायनही मागाहून येणार होता असं सांगतात. फोन तिथे गेला. त्या दिवसाची दृश्यं आहेत. कॅमेऱ्यांसमोर उभी पोरं, काय बोलावं ते कळत नाहीये. आता आपलं काही खरं नाही, असं त्या क्षणी वाटून गेल्याचं जॉनने पुढे कबूल केलं. अंत्यसंस्काराला ते गेले नाहीत. गेले असते तर गर्दी आणि किंकाळ्यांनी तो दफनविधीही एक शो झाला असता. पुढच्या फेब्रुवारीत ते हृषीकेशला गेले. पैशांचे वाद वाढले, दुसरा मॅनेजर कोण यावरून चौघांत फूट पडली आणि १९७०मध्ये बॅण्ड संपला. पॉलने पुढे म्हटलं, की पाचवा बीटल कुणी असेल तर तो ब्रायनच.

जाण्याआधी त्याने एका ॲनिमेशनपटाचा करार केला होता. 'यलो सबमरीन'. बीटल्सना त्यात विशेष रस नव्हता, आवाजही दुसऱ्यांनीच दिले. जुलै १९६८मध्ये तो लागला. त्यात पाणबुडी एका काळाच्या समुद्रात शिरते. घड्याळाचे काटे मागे पळतात आणि चौघे लहान बाळं होतात. मग काटे पुढे पळतात आणि चौघांना लांबच लांब पांढऱ्या दाढ्या फुटतात. जे दृश्य ब्रायनने 'डॉक्टर हू'ला करू दिलं नव्हतं, ते त्याच्याच करारातून तयार झालं आणि ते बघायला तो नव्हता.

खरोखर म्हातारे झाले ते चौघांपैकी दोघेच. जॉनला १९८०मध्ये न्यूयॉर्कला घरासमोर गोळ्या घातल्या, तेव्हा तो ४० वर्षांचा होता. जॉर्ज २००१मध्ये कॅन्सरने गेला, ५८व्या वर्षी. पॉल आणि रिंगोने ऐंशी ओलांडली. २०२३मध्ये त्यांनी जॉनची एक जुनी घरगुती कॅसेट काढली, कॉम्प्युटरला शिकवून त्यातला पियानो आणि जॉनचा आवाज वेगळा केला आणि 'नाऊ अँड देन' हे नवं गाणं बाजारात आणलं. ते ब्रिटनमध्ये नंबर एकवर गेलं. जुन्या काळातला आवाज हवा तेव्हा पकडून आणणारं यंत्र १९६५च्या मालिकेत होतं तेव्हा लोक हसले होते.

'डॉक्टर हू'ही अजून चालू आहे. २०२४मध्ये एका भागात डॉक्टर १९६३च्या ॲबी रोड स्टुडिओत गेला. तिथले बीटल्स भिकार गाणी म्हणत होते, कारण कथेतल्या खलनायकाने जगातलं संगीतच पळवलेलं. मूळ गाण्यांचे हक्क इतके महाग, की ती वापरणं मालिकेला परवडलं नसतं, म्हणून कथाच तशी रचलेली. ब्रायनच्या काळात मालिकेला अख्खे बीटल्स मिळायची बोलणी होती!

आणि त्या पंचवीस-तीस सेकंदांचं काय झालं? बीबीसी तेव्हा महागड्या व्हिडीओ टेप पुसून पुन्हा वापरायची. 'टॉप ऑफ द पॉप्स'चा तो भाग पुसला गेला. 'डॉक्टर हू'चे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भागही आज सापडत नाहीत. पण 'द चेस'चे सगळे सहा भाग वाचले. त्यामुळे 'तिकीट टू राइड'चा तो परफॉर्मन्स आज जेवढा शिल्लक आहे, तेवढा फक्त डॉक्टरच्या यंत्राच्या पडद्यावर आहे. अमेरिकेत या कथेची डीव्हीडी निघाली तेव्हा हक्कांच्या अडचणीमुळे त्यातूनही तो तुकडा काढावा लागला.

ब्रायनला 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये जागा मिळाली २०१४मध्ये. त्याचा पुतळा लिव्हरपूलमध्ये, जुन्या 'नेम्स' दुकानाच्या जागेजवळ, २०२२च्या २७ ऑगस्टला उभा राहिला. व्हिकीने पाहिलेलं बीटल्सचं स्मृती थिएटर मात्र त्या गावात अजून तरी नाही. हॅनोव्हर स्ट्रीटवर एका जुन्या इमारतीत एक लहानसं थिएटर आहे. नाव आधी नेपच्यून होतं, नंतर बदलून एपस्टाइन थिएटर झालं. २०२३च्या जूनमध्ये पैशांअभावी त्याचा पडदा पडला, तेव्हा ते पुन्हा उघडावं म्हणून गावातल्याच लोकांनी खटपट सुरू केली.